बाळू धानोरकर : वरोऱ्याचे आमदार, चंद्रपूरचे खासदार

सुरेश नारायण धानोरकर हे नाव निवडणुकीच्या कागदपत्रांत असे. वरोरा-भद्रावतीपासून गोंडपिपरी-जिवतीपर्यंत लोक त्यांना बाळूभाऊ म्हणूनच ओळखत. जन्म १९७५ सालचा, मृत्यू ३० मे २०२३ रोजी. पन्नाशीही न गाठलेल्या या आयुष्यात शिवसेनेचे जिल्हाप्रमुखपद, वरोऱ्याची आमदारकी आणि चंद्रपूरची खासदारकी एवढा प्रवास झाला. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी काँग्रेसच्या पदरात एकच जागा पडली, ती त्यांची. अशोक चव्हाण नांदेडात आणि सुशीलकुमार शिंदे सोलापुरात, असे दोन माजी मुख्यमंत्री त्या निवडणुकीत पराभूत झाले. निवडून आला तो दोन महिन्यांपूर्वीपर्यंत शिवसेनेचा आमदार असलेला माणूस. काँग्रेसच्या इतिहासातली ही मोठी विचित्र घटना म्हणावी लागेल. ती कशी घडली हे समजायचे तर आधी जिल्हा समजून घ्यावा लागतो.

चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा आणि राजुरा हे चार चंद्रपूर जिल्ह्यातले. वणी आणि आर्णी हे दोन यवतमाळ जिल्ह्यातले. चंद्रपूर जिल्ह्यातलेच चिमूर आणि ब्रह्मपुरी मात्र गडचिरोली-चिमूर या आदिवासींसाठी राखीव मतदारसंघात गेले आहेत. म्हणजे जिल्हा एक, पण खासदार दोन. त्यात राजुरा हा भाग तर वेगळ्याच इतिहासाचा. वर्धा नदीच्या पलीकडचा राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यपुनर्रचनेनंतर आधी नांदेड आणि १९५९ साली चंद्रपूर जिल्ह्यात आला. नदीच्या अलीकडचा गोंडपिपरी तालुका जुन्या मध्य प्रांतातला, चांदा जिल्ह्याचाच. आज राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरी हे तालुके मिळून एक आमदार निवडतात. कोरपन्याकडे सिमेंटचे कारखाने आणि कापूस, जिवतीच्या पहाडावर कोलाम-गोंड वस्त्या आणि तेलंगणाशी सीमावाद असलेली चौदा गावे, तर गोंडपिपरीकडे धान, कपाशी, तेंदूपत्ता आणि वाघाचे जंगल. जी हवा वरोऱ्यात वाहते ती गोंडपिपरीत वाहतेच असे नाही. तरीही खासदार दोन्हीकडचा एकच.

धानोरकरांचे राजकारण उभे राहिले ते या मतदारसंघाच्या उत्तर टोकाला, भद्रावती आणि वरोरा या दोन तालुक्यांत. वरोऱ्यात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच कोळसा काढायला सुरुवात केली होती. बाबा आमटे यांचे आनंदवन याच गावाच्या कुशीत. भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी आहेत, जैन तीर्थ आहे आणि संरक्षण खात्याची आयुधनिर्माणी आहे. त्याभोवती माजरी आणि बरांजसारख्या कोळसाखाणींचा पट्टा. शेतकऱ्याच्या काळ्या जमिनीखाली काळाच कोळसा, आणि तो काढायचा म्हणजे जमीन द्यायची. मोबदला किती, नोकरी कोणाला, गाव उठवून कुठे बसवायचे, धूळ कोणी सोसायची, हे इथले बाराही महिन्यांचे विषय. अशा भागात पुढारी मोठा होतो तो भाषणावर कमी आणि खाणीच्या, कारखान्याच्या किंवा तहसीलच्या दारात जाऊन उभा राहण्यावर जास्त.

वरोरा मतदारसंघ बराच काळ देवतळे या नावाभोवती फिरत होता. दादासाहेब देवतळे हे काँग्रेसचे जुने आणि वजनदार पुढारी. मधल्या काळात शेतकरी संघटनेच्या लाटेत मोरेश्वर टेमुर्डे निवडून आले आणि विधानसभेचे उपाध्यक्षही झाले; पण पुढे दादासाहेबांचे पुतणे संजय देवतळे यांनी जागा परत घेतली, सलग निवडून येत राहिले आणि राज्याच्या मंत्रिमंडळातही पोहोचले. या घराण्यासमोर उभे राहायचे तर दुसरे घराणे हवे, किंवा मग दुसरी संघटना हवी. धानोरकरांच्या घरी आमदारकीचा वारसा नव्हता. त्यांनी संघटना निवडली, ती शिवसेना.

विदर्भात शिवसेना ही मुंबई-कोकणातल्यासारखी घराघरांत मुरलेली नव्हती. पूर्व विदर्भात तर ती कायमच भाजपची धाकटी भागीदार राहिली. पण तिची रचना तरुण कार्यकर्त्याला सोयीची होती. शाखाप्रमुख, तालुकाप्रमुख, जिल्हाप्रमुख अशी उतरंड, आणि वरून नेमणूक. काँग्रेसमध्ये तालुक्याच्या पातळीवर नाव होण्यासाठी आधी सहकारी संस्था, बाजार समिती, खरेदी-विक्री संघ, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढाव्या लागत आणि त्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी आधीच बसलेले असे. सेनेत मात्र पोरे जमवता आली, मोर्चा नेता आला, प्रश्न हाती घेता आला की पद मिळत असे. धानोरकर या वाटेने जिल्हाप्रमुख झाले. भद्रावती नगरपालिकेवर सेनेचा झेंडा फडकला तो याच काळात. त्यांचे बंधू अनिल धानोरकर पुढे तिथले नगराध्यक्ष झाले. विदर्भात सेनेची नगरपालिका ही तशी दुर्मीळ गोष्ट. तिच्यामुळे धानोरकरांना निवडणुका लढवण्याची सवय असलेली स्वतःची फळी मिळाली. ही फळी पक्षाची होती की माणसाची, याचे उत्तर दहा वर्षांनी मिळणार होते.

२००९ साली त्यांनी वरोऱ्यातून पहिली विधानसभा लढवली. समोर काँग्रेसचे संजय देवतळे. धानोरकर हरले, पण देवतळ्यांना आव्हान देणारा माणूस म्हणून जिल्ह्याने त्यांची नोंद घेतली. पुढची पाच वर्षे हे त्यांचे भांडवल होते.

२०१४ हे वर्ष सगळीकडेच उलथापालथीचे ठरले; वरोऱ्यात तर फारच. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने चंद्रपुरात संजय देवतळे यांनाच उभे केले होते. भाजपचे हंसराज अहीर यांनी त्यांना २ लाख ३६ हजारांहून अधिक मतांनी हरवले. आम आदमी पक्षाकडून उभे राहिलेले शेतकरी संघटनेचे वामनराव चटप यांनी दोन लाखांवर मते घेतली, ही त्या निवडणुकीतली दुसरी लक्षात राहणारी गोष्ट. पराभवानंतर काही महिन्यांतच देवतळे काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. तेवढ्यात २५ सप्टेंबर २०१४ रोजी, एकाच दिवशी, राज्यातली शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी अशा दोन्ही तुटल्या. चारही पक्ष आपापल्या बळावर मैदानात उतरले.

कार्यकर्त्यातून वर आलेल्या उमेदवाराला अशीच वेळ हवी असते. वरोऱ्यात भाजपकडून संजय देवतळे, काँग्रेसकडून दादासाहेब देवतळ्यांच्या सून डॉ. आसावरी देवतळे आणि शिवसेनेकडून धानोरकर असा सामना झाला. एकाच घराण्यातल्या दोघांनी जुनी मते वाटून घेतली. धानोरकरांना साधारण ५४ हजार मते पडली, संजय देवतळ्यांना ५२ हजारांच्या आसपास. विजयाचे अंतर अवघे दोन हजारांचे. एकूण मतांचा ढोबळमानाने एक-तृतीयांश वाटा मिळवून ते आमदार झाले. युती टिकली असती तर ही जागा सेनेच्या वाट्याला येऊनही हिशेब वेगळा झाला असता. आघाडी टिकली असती तरीही वेगळा झाला असता. तेव्हा हा विजय धानोरकरांच्या मेहनतीचा होता तसा वरच्या पातळीवरच्या भांडणांचाही होता. मात्र अशी फट पडेल तेव्हा आत शिरायला माणूस तयार असावा लागतो, आणि ते पाच वर्षे तयारीतच होते.

त्या विधानसभेत पूर्व विदर्भातून निवडून आलेले ते शिवसेनेचे एकटेच आमदार. दीडेक महिन्यात सेना सत्तेत सामील झाली खरी, पण जिल्ह्यात वजन भाजपचे. केंद्रात अहीर राज्यमंत्री, राज्यात बल्लारपूरचे आमदार सुधीर मुनगंटीवार अर्थ आणि वनमंत्री, शिवाय चंद्रपूरचे पालकमंत्री. सत्तेतल्या धाकट्या भागीदाराच्या एकट्या आमदाराला अशा ठिकाणी दोनच मार्ग उरतात : मोठ्यांच्या सावलीत बसायचे, नाहीतर सत्तेत राहून विरोधकाची भाषा बोलायची. राज्यभर सेनेने त्या पाच वर्षांत दुसरा मार्ग धरला होता आणि धानोरकरांच्या स्वभावालाही तोच मानवणारा होता. बोलणे रोखठोक, राहणी तामझामाची, भोवती सतत माणसांचा गराडा. जुन्या पद्धतीच्या काँग्रेस पुढाऱ्यांच्या संथ, जपून बोलण्याच्या चालीपेक्षा हे सगळे निराळे होते, आणि तरुण पोरांना ते आवडत असे.

आमदारकीची मुदत संपत आली तेव्हा त्यांची नजर लोकसभेवर होती. इथे एक साधी अडचण होती. युतीच्या वाटणीत चंद्रपूर लोकसभा भाजपची. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवसेना आणि भाजप पुन्हा एकत्र आले, तेव्हा सेनेत राहून चंद्रपुरातून खासदार होण्याचा रस्ता बंद झाला. उलट काँग्रेसकडे अहीर यांच्याशी झुंजेल असा उमेदवार नव्हता. अहीर १९९६, २००४, २००९ आणि २०१४ असे चार वेळा निवडून आलेले. कोळसाखाणींच्या वाटपातल्या गैरव्यवहाराचा पाठपुरावा करणारे खासदार म्हणून त्यांचे नाव देशभर झालेले. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींसाठी गेलेल्या जमिनींना वाढीव दर मिळवून देण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. असा माणूस हरवायचा म्हणजे सोपे काम नव्हते.

मार्च २०१९ मध्ये धानोरकरांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि शिवसेना सोडली. काँग्रेसने मात्र चंद्रपूरची उमेदवारी विनायक बांगडे यांना जाहीर करून टाकली. जिल्ह्यातल्या काँग्रेसमध्ये खळबळ उडाली. त्याच दिवसांत प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण आणि चंद्रपूरचा एक कार्यकर्ता यांच्यातल्या फोनवरच्या संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली. पक्षात आपलेही कोणी ऐकत नाही, आपणच राजीनामा देण्याच्या विचारात आहोत, असा तिचा आशय होता. प्रदेशाध्यक्षाची ही हतबलता सगळ्या महाराष्ट्राने ऐकली. पुढच्या एक-दोन दिवसांत बांगडे यांचे नाव मागे पडले आणि धानोरकरांचे नाव आले. मतदान ११ एप्रिलला, पहिल्याच टप्प्यात. म्हणजे हातात तीन आठवडेही नव्हते. उमेदवार काँग्रेसचा, पण धावणारी माणसे बरीचशी त्याची स्वतःची, सेनेत असताना जमवलेली. भद्रावतीची फळी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले.

निकाल २३ मे रोजी लागला. धानोरकरांना साडेपाच लाखांहून अधिक मते, अहीर यांना सव्वापाच लाखांच्या आत. फरक ४४ हजारांच्या वर. वंचित बहुजन आघाडीचे राजेंद्र महाडोळे यांनी एक लाखाहून अधिक मते घेतली. त्या निवडणुकीत राज्यात अनेक ठिकाणी वंचितच्या मतांनी काँग्रेस आघाडीचे उमेदवार पडले, चंद्रपुरात मात्र ती मते जाऊनही काँग्रेस तरली. पाच वर्षांपूर्वीची २ लाख ३६ हजारांची पिछाडी भरून काढून वर एवढी आघाडी घ्यायची, आणि तीही देशभर मोदींची लाट असताना, हे सरळ गणितात बसत नाही.

त्याची कारणे शोधताना जिल्ह्यातल्या जातीय गणिताकडे बोट दाखवले जाते, आणि ते चूक नाही. वरोरा, वणी, राजुरा या पट्ट्यात कुणबी समाजाची, विशेषतः धनोजे कुणब्यांची, संख्या मोठी आहे. धानोरकर त्याच समाजातले. इतर मागासवर्गातला मोठा शेतकरी मतदार एका बाजूला वळला की या मतदारसंघात पारडे फिरते. पण तेवढ्यावर भागत नाही. कुणबी उमेदवार यापूर्वीही उभे राहिले होते आणि पडलेही होते. २०१४ चे देवतळे हे त्याचे ताजे उदाहरण. सोयाबीन आणि कापसाच्या भावावरची नाराजी होती. चार वेळा खासदार झालेल्या माणसाबद्दल साचत जाणारा कंटाळा होता. शिवाय दलित, आदिवासी आणि मुस्लिम मतांचा काँग्रेसकडे असलेला जुना ओढा होता, जो वंचितच्या उमेदवारामुळे कमी झाला, पण संपला नाही. या सगळ्याला एकत्र बांधणारा, निवडणूक आक्रमकपणे लढवणारा उमेदवार काँग्रेसला बाहेरून मिळाला. चंद्रपूरच्या काँग्रेसने तो स्वतः घडवला नव्हता, हे त्या पक्षाने मोकळेपणाने कधी मान्य केले नाही, पण खरे तेच आहे.

खासदारकीचे पहिलेच वर्ष नाट्यमय ठरले. ऑक्टोबर २०१९ मध्ये विधानसभा निवडणूक आली. वरोऱ्याची रिकामी झालेली जागा काँग्रेसने धानोरकरांच्या पत्नी प्रतिभा धानोरकर यांना दिली. युतीच्या वाटणीत वरोरा सेनेकडे असल्याने संजय देवतळे भाजपमधून शिवसेनेत आले आणि धनुष्यबाणावर उभे राहिले. दहा वर्षांपूर्वीचा सामना आठवला तर गंमत वाटते. २००९ मध्ये देवतळे काँग्रेसचे आणि धानोरकर सेनेचे. २०१९ मध्ये धानोरकर काँग्रेसचे आणि देवतळे सेनेचे. दोन घरांनी चिन्हांची अदलाबदल केली, मतदारांपुढची आडनावे तीच राहिली. प्रतिभा धानोरकर सुमारे दहा हजार मतांनी निवडून आल्या. नवरा खासदार आणि बायको आमदार, अशी जोडी झाली. घराणेशाहीविरुद्ध उभे राहून वर आलेल्या माणसाचेही असे घराणे तयार झाले.

त्यानंतर महिन्याभरात राज्यात आणखी मोठी उलथापालथ झाली. शिवसेनेने भाजपशी फारकत घेतली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या साथीने महाविकास आघाडीचे सरकार आले. ज्या पक्षातून बाहेर पडून धानोरकर काँग्रेसमध्ये आले होते, तोच पक्ष आता काँग्रेसचा सोबती झाला. जुन्या सहकाऱ्यांशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू व्हायला अशा घडामोडी बऱ्या पडतात.

एकमेव खासदार असण्याचे वजन दिल्लीत फारसे नसते. संसदेत बोलायला वेळ पक्षाच्या संख्येवर मिळतो, आणि लोकसभेत काँग्रेसचे बळ त्या वेळी साठीच्या आतच होते. प्रदेश काँग्रेसमध्ये मात्र त्यांना मान होता. तो मान ते वापरतही. आपल्याच पक्षाच्या नेत्यांबद्दल जाहीर बोलायला ते कचरत नसत, आणि वाराणसीत नरेंद्र मोदी यांच्याविरुद्ध लढण्याची तयारी असल्याचे विधानही त्यांनी केले होते. ते कोणी गंभीरपणे घेतले असेल-नसेल. पण बातमी कशी होते हे त्यांना चांगले कळत होते.

गोंडपिपरीसारख्या तालुक्याला खासदाराचा उपयोग कशासाठी, हाही एक विचारण्याजोगा प्रश्न आहे. आमदाराकडे रस्ता, पूल, शाळेची खोली, तहसीलातले अडलेले काम घेऊन जाता येते. खासदाराच्या अखत्यारीतले विषय दूरचे वाटतात. प्रत्यक्षात या भागात ते अगदी घरापाशी येतात. वनजमिनीवर काही करायचे तर केंद्राची मान्यता लागते. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, रेल्वे केंद्राची, कोळसा केंद्राचा. सूरजागडचे लोहखनिज घेऊन आष्टीकडून गोंडपिपरीमार्गे जाणाऱ्या अवजड ट्रकांनी रस्त्यांची दैना केली, तेव्हा लोकांचा संताप आमदार आणि खासदार असा भेद करत बसला नाही. कन्हाळगाव अभयारण्य जाहीर झाले तेव्हा ढाबा, कोठारी, तोहोगाव या बाजूच्या गावांत जंगलावरच्या हक्कांची आणि वाघाची चिंता वाढली. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत वर्धा आणि वैनगंगा फुगल्या आणि नदीकाठची शेते पाण्याखाली गेली. याच तालुक्याच्या टोकाला या दोन नद्या मिळून प्राणहिता होते, त्यामुळे पूर आला की पाणी ओसरायला वेळ लागतो. पीक गेले की पंचनामा, विमा, नुकसानभरपाई, आणि पुन्हा अर्ज. वरोऱ्याच्या माणसाला गोंडपिपरीच्या धानाचे किती कळणार, अशी शंका इथे घेतली जाई. ती निराधार म्हणता येणार नाही. सहा विधानसभा मतदारसंघांचा, दोन जिल्ह्यांत पसरलेला हा प्रदेश एका माणसाने पाच वर्षांत नीट पाहून होणे अवघडच.

मे २०२३ मध्ये मूतखड्याच्या त्रासावर उपचारांसाठी धानोरकर नागपूरच्या रुग्णालयात दाखल झाले. याच दिवसांत त्यांचे वडील नारायण धानोरकर यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराला मुलाला जाता आले नाही. प्रकृती बिघडल्याने त्यांना हवाई रुग्णवाहिकेतून दिल्लीला हलवण्यात आले आणि ३० मेच्या पहाटे त्यांची प्राणज्योत मालवली. दुसऱ्या दिवशी वरोऱ्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. एका घरात चार दिवसांच्या आत बाप आणि लेक गेले. दोन वर्षांपूर्वी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, संजय देवतळे यांचेही कोरोनाने निधन झाले होते. वरोऱ्याचे राजकारण दहा वर्षे ज्या दोघांच्या लढतीवर चालले, ते दोघेही वय नसताना गेले.

धानोरकर गेल्यानंतर जे घडले, किंवा घडले नाही, ते लोकशाहीच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचे आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ अ नुसार रिकामी झालेली जागा सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेऊन भरावी लागते. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा ठरलेल्या वेळेत निवडणूक घेणे अवघड असल्याचे केंद्र सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक आयोगाने प्रमाणित केले, तरच सूट मिळते. सतराव्या लोकसभेची मुदत जून २०२४ च्या मध्यापर्यंत होती. म्हणजे ३० मे २०२३ रोजी एक वर्ष आणि वर पंधरवडाभर शिल्लक होता. कायद्याच्या अक्षरानुसार पोटनिवडणूक व्हायला हवी होती. ती झाली नाही. त्याच वर्षी २९ मार्चला गिरीश बापट यांच्या निधनाने पुण्याची जागा रिकामी झाली होती. तिथेही पोटनिवडणूक झाली नाही. पुण्यातल्या एका मतदाराने उच्च न्यायालयात दाद मागितली. सार्वत्रिक निवडणुकीची तयारी सुरू आहे आणि निवडून येणाऱ्याला फार थोडा काळ मिळेल, ही आयोगाची कारणे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये फेटाळली आणि पुण्यात निवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. चंद्रपूरच्या बाबतीत एवढीही न्यायालयीन चर्चा गाजली नाही. वरोऱ्यापासून गोंडपिपरीपर्यंतच्या लाखो मतदारांना सुमारे वर्षभर खासदारच नव्हता. पुण्याची जागा रिकामी राहिली तर देशभर बातमी होते. चंद्रपूरची राहिली तर ती चंद्रपुरातच राहते.

२०२४ ची लोकसभा आली तेव्हा काँग्रेसमध्ये उमेदवारीसाठी पुन्हा ओढाताण झाली. एकीकडे प्रतिभा धानोरकर, दुसरीकडे विधानसभेतील तेव्हाचे विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार यांच्या कन्या शिवानी यांचे नाव. अखेर उमेदवारी प्रतिभा धानोरकर यांना मिळाली. भाजपने अहीर यांच्याऐवजी राज्याचे तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांना उतरवले. मुनगंटीवार यांनी १९८९ आणि १९९१ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत असताना, याच मतदारसंघातून लोकसभा लढवली होती आणि काँग्रेसच्या शांताराम पोटदुखे यांच्याकडून ते हरले होते. तीन दशकांनी तिसऱ्यांदा ते त्याच मैदानात आले. १९ एप्रिलला मतदान झाले. ४ जूनला निकाल लागला तेव्हा प्रतिभा धानोरकर २ लाख ६० हजार मतांनी पुढे होत्या. त्यांच्या पतीच्या वेळचे मताधिक्य याच्या पाचव्या हिश्शाइतकेही नव्हते. सहानुभूती होतीच. पण राज्यघटना बदलली जाईल ही भीती, सोयाबीन-कापसाचे पडलेले भाव आणि महाविकास आघाडीची एकवटलेली मते यांचा जोर त्या वर्षी सगळ्या विदर्भात दिसला. केवळ सहानुभूतीवर अडीच लाखांचा फरक पडत नाही. मुनगंटीवार स्वतःच्या बल्लारपूर मतदारसंघातही मागे पडले.

पाच-सहा महिन्यांत चित्र पुन्हा पालटले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत वरोऱ्यात काँग्रेसची उमेदवारी खासदार प्रतिभा धानोरकर यांचे बंधू प्रवीण काकडे यांना मिळाली. बाळूभाऊंचे बंधू अनिल धानोरकर वंचित बहुजन आघाडीकडून त्याच मतदारसंघात उभे राहिले. माहेर आणि सासर एकमेकांसमोर आले, आणि दोघांच्याही हाती काही लागले नाही. निवडून आले भाजपचे करण देवतळे, संजय देवतळे यांचे चिरंजीव. २०१४ मध्ये देवतळ्यांच्या घरातली मते फुटली तेव्हा धानोरकर निवडून आले होते. २०२४ मध्ये धानोरकरांच्या गोतावळ्यातली मते फुटली आणि देवतळे निवडून आले. त्याच निवडणुकीत गोंडपिपरी ज्यात येते त्या राजुऱ्यात काँग्रेसचे सुभाष धोटे सुमारे तीन हजार मतांनी हरले आणि भाजपचे देवराव भोंगळे आमदार झाले. वामनराव चटप तिथे तिसरे राहिले, पण पन्नास हजारांच्या वर मते घेऊन. बल्लारपूरने मुनगंटीवार यांना पुन्हा विधानसभेत पाठवले. लोकसभेत चंद्रपूरची जागा धानोरकर या नावाकडे आहे आणि विधानसभेत वरोऱ्याची देवतळे या नावाकडे.